ओहोटीची फेरी: ३० मुलांसाठी वेळ कोणती धरावी?

मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडच्या खडकांवर ओहोटीत उघडे पडणारे समुद्री जीव बघायला आठवीच्या ३० मुलांना न्यायचं आहे. पाणी सर्वात खाली जाण्याच्या तासभर आधी उतरायचं, ते खाली गेल्यावर अर्ध्या तासात बाहेर. भरती आधी पाठीमागच्या खाचांतून शिरते, माणसं तिथेच अडकतात. दहा मुलांमागे दोन मोठे, एक पुढे, एक शेपटीला. पायात जुने बूट, शेवाळावर स्लिपर म्हणजे घसरगुंडीच. दगड उचलला तर होता तसाच ठेवायचा.

अडत आहे ते वेळेवर. अमावस्या-पौर्णिमेला ओहोटी सहाच्या आसपास, म्हणजे सकाळी उजाडताना नाहीतर संध्याकाळी अंधाराच्या तोंडावर. अष्टमीला दुपारी मिळते, पण पाणी पुरेसं ओसरत नाही. वेळ रोज साधारण ५० मिनिटं सरकते, मग पौर्णिमेनंतरचा तिसरा दिवस, सकाळी आठ, चालेल का? की १५-१५ च्या दोन फेऱ्या कराव्यात?