सायकलला कोणते कुलूप लावावे आणि ते कसे लावावे?

प्रश्न: गेल्या महिन्यात माझी सायकल जिन्याखालून चोरीला गेली आणि कापलेले तारेचे कुलूप तेवढे तिथे पडलेले सापडले. नवी सायकल घेण्यापूर्वी कोणते कुलूप घ्यावे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

उत्तर १: तारेचे कुलूप साध्या कटरने काही क्षणांत तुटते, म्हणून कठीण पोलादाचे यू-आकाराचे कुलूप घ्यावे आणि ते फ्रेम व मागचे चाक या दोन्हींतून ओवून जमिनीत पक्क्या रोवलेल्या खांबाला अडकवावे. कुलपाच्या आत मोकळी जागा जितकी कमी राहील, तितके पहार घालून ते उचकटणे अवघड जाते. केवळ पुढचे चाक बांधू नये. ते सोडून उरलेली सायकल सहज नेता येते.

उत्तर २: खांब आखूड असेल तर सायकल वरून उचलून काढता येते, हेही पाहावे.

उत्तर ३: फ्रेमवरचा क्रमांक, जो बहुधा पेडलच्या आसाखाली कोरलेला असतो, तो आजच लिहून ठेवा आणि त्याचे छायाचित्र घ्या, कारण सापडलेली सायकल आपलीच आहे हे त्याच्याशिवाय सिद्ध करणे फार कठीण जाते.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. जुन्या सायकलचा क्रमांक मी कधीच नोंदवला नव्हता, याचे फार वाईट वाटते.