मदत हवी आहे: टी.वाय.च्या मुलांना बायोएथिक्स कसं शिकवू?

तापीकाठ
नमस्कार. या सेमिस्टरला बायोएथिक्स आणि रिसर्च इंटिग्रिटीचा पेपर माझ्याकडे आला आहे. पहिल्या तासाला ऑटोनॉमी (स्वतःचा निर्णय स्वतः घेणं), बेनिफिसन्स (समोरच्याचं भलं), जस्टिस (न्याय) असं फळ्यावर लिहिलं, मुलांनी निमूट उतरवून घेतलं आणि "सर, हे परीक्षेला येईल का?" एवढा एकच प्रश्न आला. मला हा विषय असा शिकवायचा नाही. केस स्टडी, अ‍ॅक्टिव्हिटी, काहीही सुचवा. सोमवारी पुढचा तास आहे, त्यामुळे जरा लवकर. नेटवर शोधून झालंय, तेवढं सांगू नका.

चौकस
कोणता विषय? बॉटनी, झूऑलॉजी, मायक्रो, की केमिस्ट्रीवालेही याच वर्गात? क्रेडिट किती? परीक्षा लेखी की फक्त इंटर्नल? मुलं कुठली, माध्यम काय? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

ग्रंथपाल
सुरुवात यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) प्लॅगरिझमच्या, म्हणजे मजकूर चोरीच्या, २०१८ च्या नियमांपासून करा. दुसऱ्याच्या मजकुराशी साधर्म्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांत दुरुस्त करून पुन्हा द्यायचं, ४० ते ६० ला एक वर्ष बंदी, ६० च्या वर नोंदणीच रद्द. शोधशुद्धी या सरकारी योजनेतून कॉपी पकडणारं सॉफ्टवेअर मिळतं, एक रिपोर्ट काढून वर्गात दाखवा. मुलांना आकडे कळतात.

चौकस
अहो, हे थिसिसचे नियम. बी.एस्सी.च्या मुलांना त्याचं काय? आणि कॉपी पकडणारं सॉफ्टवेअर बनावट रीडिंग पकडत नाही. मनाने बनवलेला डेटा शंभर टक्के 'ओरिजिनल' ठरतो.

ग्रंथपाल
आज बी.एस्सी.ला कॉपी करणारा उद्या थिसिसमध्ये करतो. सवय इथेच लागते. मी रोज रिपोर्ट काढते, मला माहीत आहे.

तापीकाठ
झूऑलॉजी, दोन क्रेडिट. मी सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) आहे. सातपुड्याच्या पायथ्याचं कॉलेज, मुलं बरीचशी पाड्यांवरची, घरी पावरी किंवा भिली बोलणारी. पुस्तकं सगळी इंग्रजीत. प्लॅगरिझमचा तास दुसरे सर घेतात, तो नको.

निवृत्त_प्राध्यापक
झूऑलॉजी म्हणालात म्हणून लिहितो. बायोएथिक्सच्या नावाखाली २०११ मध्ये डिसेक्शन (प्राण्यांचं विच्छेदन) कमी केलं आणि २०१४ मध्ये यूजीसीने ते पूर्ण थांबवायला सांगितलं. आता मुलं स्क्रीनवर बेडकाचं हृदय बघतात. स्वतःच्या हाताने हृदय उघडून ते धडधडताना पाहिलं, की जिवाची किंमत कळायची. आमच्या बॅचचा एक मुलगा तेवढ्यावर सर्जरीकडे वळला. यावर कुणीतरी लिहायला हवं.

रानवेडी
सर, आदर ठेवूनच सांगते, हे पटलं नाही. दर वर्षी हजारो बेडूक शेतातून आणि डबक्यांतून पकडून आणले जायचे. ते कापणाऱ्या बहुतेक मुलांनी पुढे कधी स्काल्पेल हातात धरलं नाही. आणि धाग्याचा विषय हा नाहीच.

निवृत्त_प्राध्यापक
विषय बायोएथिक्सच आहे ना? प्राण्यांवरचे प्रयोग त्यात येतातच. सिलॅबस बघा.

बॉस्टनकर
इथे अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या ट्रेनिंग ग्रँटवर असलेल्यांना किमान आठ तास समोरासमोर बसून हे प्रशिक्षण घ्यावं लागतं, नुसतं ऑनलाइन क्लिक करून भागत नाही. टस्कीगीचा सिफिलिसवरचा अभ्यास घ्या. १९३२ ते १९७२, अलाबामात सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुष. ३९९ जणांना सिफिलिस होता आणि पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही त्यांना ते दिलं नाही. त्यावरून माणसांवरच्या संशोधनाची तत्त्वं सांगणारा १९७९ चा बेलमाँट रिपोर्ट आला. तुम्ही फळ्यावर लिहिलेले शब्द तिथूनच येतात. दुसरी केस हेनरीएटा लॅक्स या कॅन्सरच्या रुग्ण बाईची, १९५१. तिच्या पेशी आजही जगभर प्रयोगशाळांत वाढवल्या जातात. तिला कुणी विचारलं नव्हतं. या दोन केसवर कुठलाही वर्ग जागा होतो.

वैनगंगा
केस भारी आहेत, पण पाड्यावरच्या मुलांना अलाबामा लांब पडतं. आपलं खम्मम घ्या ना, तेव्हाच्या आंध्रातलं. २००९ मध्ये तिथे आणि बडोदा जिल्ह्यात मिळून १० ते १४ वयाच्या सुमारे २४,००० मुलींना एका प्रकल्पात एचपीव्हीची (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची) लस दिली. खम्मममध्ये बऱ्याच मुली आदिवासी आणि आश्रमशाळांत राहणाऱ्या. सात मुलींचे मृत्यू झाले, एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबला. चौकशी समितीला मृत्यूंचा लशीशी संबंध दिसला नाही, हेही वर्गात स्पष्ट सांगा, नाहीतर मुलं लशीलाच घाबरतील. गफलत होती ती संमतीत. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ मध्ये ताशेरे ओढले. आंध्रातल्या दोन हजारांहून अधिक फॉर्मवर सह्या वसतिगृहाच्या वॉर्डनच्या होत्या. आई-बाप गावी, मुलगी वसतिगृहात आणि सही वॉर्डनची. तुमची मुलं स्वतः वसतिगृहात राहिलेली असतील. त्यांना फक्त विचारा, "तुमच्यासाठी वॉर्डनने सही केली असती तर?"

बॉस्टनकर
हे जास्त चांगलं आहे. तरी टस्कीगीशिवाय नियम कुठून आले ते कळत नाही.

वैनगंगा
नियम नंतर सांगता येतात हो. आधी पोरांना राग तर येऊ द्या!

बुन्सेन
मी केमिस्ट्रीचा, पण इंटिग्रिटीवर बोलतो. बाहेरच्या केस कशाला, मुलांचं जर्नल उघडा. टायट्रेशनची तिन्ही रीडिंग ९.८, ९.८, ९.८. ब्युरेट नीट वाचली तर तिन्ही तंतोतंत सारखी क्वचित येतात. मुलं आधी उत्तर काढतात आणि मग उलटं गणित करून रीडिंग भरतात. आपण सही करून जर्नल सर्टिफाय करतो. इथूनच सुरू होतं सगळं.

सोमवारी हे करा. अर्ध्या वर्गाला नाणं शंभर वेळा उडवून छापा-काटा ओळीने लिहायला सांगा. उरलेल्यांनी नाणं न उडवता मनानेच शंभर निकाल लिहायचे. कागदांवर नावं नकोत. तुम्ही वर्गाबाहेर थांबा, मग येऊन कागद ओळखा. खऱ्या नाण्यात सलग सहा-सात छापे किंवा काटे बहुतेक वेळा कुठे ना कुठे येतातच. मनाने लिहिणारा चारच्या पुढे जायला बिचकतो. तुम्ही पटापट खरे-खोटे वेगळे केलेत, की मुलं स्वतःच विचारतील कसं ओळखलं. मग सांगा की बनावट डेटा असाच पकडला जातो. तुमची मुलं मेंडेलचं गुणोत्तर मणी काढून करतात ना? संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९३६ मध्ये दाखवलं की मेंडेलचे स्वतःचे आकडे अपेक्षित गुणोत्तराच्या संशय यावा इतके जवळ आहेत. त्यावर अजून वाद आहे, तोही वर्गात होऊ द्या.

भूगर्भ
भूशास्त्रातली केस राहू नये म्हणून लिहितो. पंजाब विद्यापीठाचे विश्वजित गुप्ता. हिमालयात सापडले म्हणून छापलेले जीवाश्म दुसऱ्याच देशांतल्या नमुन्यांशी जुळत होते. जॉन टॅलेंट यांनी १९८९ मध्ये 'नेचर'मध्ये ते उघड केलं. तोवर अनेक सहलेखकांची नावं त्या पेपरांवर लागली होती. सहलेखक होण्याआधी नमुना स्वतः बघा, हे सांगायला यापेक्षा चांगली केस नाही.

तापीकाठ
बुन्सेन सर, नाण्याचं नक्की करतो. वैनगंगा ताई, खम्ममही घेतो. एक विचारतो. पुढच्या महिन्यात याच मुलांना जवळच्या आश्रमशाळेत सिकल सेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासायला न्यायचं आहे, आविष्कार या विद्यार्थ्यांच्या संशोधन स्पर्धेच्या प्रोजेक्टसाठी. त्याच्या आधी एक तास 'रक्त घेताना काय काळजी घ्यावी' यावर घ्यावा का? सुई प्रत्येकाला नवी वगैरे.

चौकस
थांबा. हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही लिहिलं? रक्त कोण घेणार, वय काय, संमती कुणाची?

तापीकाठ
पाचवी ते आठवीची मुलं. मुख्याध्यापकांची परवानगी विभागप्रमुखांनी घेतली आहे. बोटाला टोचून सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे सिकल सेलची झटपट प्राथमिक चाचणी. प्रोजेक्ट माझा नाही, मी फक्त तासापुरतं विचारतोय.

वैनगंगा
सर, वर मी खम्ममचं लिहिलं ते हेच होतं.

मुख्याध्यापकांची परवानगी शाळेत पाऊल टाकण्यापुरती. रक्तासाठी आई किंवा वडिलांची संमती लागते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सात ते बारा वयाच्या मुलाला समजावून त्याचा तोंडी होकार घ्यायचा, बाराच्या पुढे लेखी. मूल नको म्हणालं तर तिथेच थांबायचं. आणि एथिक्स कमिटीची मान्यता रक्त घेण्याआधी, नंतर नाही. विद्यार्थ्यांचा प्रोजेक्ट आहे म्हणून सूट नाही.

अंकुश_पाड्यावरून
मी याच भागातला आहे. सरकार २०२३ पासून सिकल सेलचं मिशन चालवतं, सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलंय, कार्ड वाटतात. मग कॉलेजच्या मुलांनी तपासलं तर बिघडलं काय? आमच्याकडे अजून कितीतरी जणांना माहीतच नाही. तुम्ही लोक कागदासाठी काम अडवता.

वैनगंगा
दादा, तुमचा मुद्दा खरा आहे, तपासणी व्हायलाच हवी. मी त्याच कामात आहे. पण सोल्युबिलिटी टेस्ट वाहक (एकाच पालकाकडून सिकल जनुक आलेला) आणि रुग्ण (दोघांकडून आलेला) वेगळे करत नाही, दोघंही पॉझिटिव्ह दिसतात. पुढे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही प्रयोगशाळेतली पक्की तपासणी लागते, समुपदेशन लागतं. कॉलेजची मुलं टेस्ट करून तक्ता भरतील, पोस्टर लावतील आणि निघून जातील. त्या पोराला सांगायला कोण बसणार?

आमच्या गावात एएस पॅटर्नची, म्हणजे वाहक, एक मुलगी होती. वाहक म्हणजे तब्येत ठणठणीत. शाळेत तपासणी झाली तेव्हा वर्गशिक्षकांनी नावं वाचून दाखवली. लग्नाचं वय झालं तेव्हा दोन ठिकाणांहून नकार आला, आणि दोन्ही वेळा कुणीतरी 'हिला शाळेत निघालं होतं' एवढंच सांगितलं होतं. मुलगा वाहक नसता तर त्यांच्या लेकरांना आजार झालाच नसता, फार तर ती वाहक निघाली असती. हे सांगायला तिथे कुणी नव्हतं.

अंकुश_पाड्यावरून
नावं वाचणं चूकच. पण मग उपाय सांगा, नुसतं थांबवा म्हणू नका.

चौकस
उपाय आहेत. एक, कॉलेजात एथिक्स कमिटी नसेल तर जवळच्या मेडिकल कॉलेजच्या कमिटीकडे अर्ज करता येतो. दोन, आश्रमशाळा सोडा, त्या भागातल्या मोठ्या माणसांना सिकल सेलबद्दल काय माहिती आहे याचं सर्वेक्षण करा. त्यालाही मान्यता आणि संमती लागेलच, पण कुणाला टोचायचं नाही की कुणाच्या आजाराची नोंद करायची नाही. तीन, तपासणीच करायची तर आरोग्य विभागाच्या पथकाला बोलवा आणि तुमची मुलं माहिती देण्याचं काम करतील.

ग्रंथपाल
आणि अर्जातला मजकूर दुसऱ्या कॉलेजच्या अर्जातून उचलू नका. तिथे पहिल्यांदा नजर जाते.

तापीकाठ
मी विभागप्रमुखांना कसं सांगू? पुढच्या वर्षीची ऑर्डर त्यांच्याच शिफारशीवर आहे.

बुन्सेन
'तुमचं चुकतंय' म्हणत जाऊ नका. वर्गातलं काम म्हणून करा. मुलांना संमतीपत्रक लिहायला लावा. कशासाठी, काय दुखेल, निकाल कुणाला कळेल, नको म्हटलं तर काय. मग ते पावरीत एकमेकांना वाचून दाखवू द्या. मुलांचे प्रश्न लिहून घ्या आणि तो कागद घेऊन जा, 'मुलांनी हे विचारलं, अर्जात उत्तर द्यावं लागेल' म्हणून.

निवृत्त_प्राध्यापक
मी विभागप्रमुख होतो, म्हणून सांगतो. असा कागद कुणी आणला असता तर मी थांबलो असतो. तोंडी तक्रारीवर नसतो थांबलो. आणि आविष्कारच्या परीक्षकांनी संमतीबद्दल विचारलं तर स्टेजवर मुलंच उघडी पडतील, हे त्यांना सांगा. ते लगेच पटेल.

तापीकाठ
अपडेट. नाण्याचा तास झाला. मी एक कागद सोडून सगळे ओळखले आणि मुलांनी तास संपल्यावरही सोडलं नाही. आज संमतीपत्रक लिहायला घेतलं. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, माझा लहान भाऊ त्याच शाळेत आहे. त्याचा रिपोर्ट मला कळणार का, वर्गाला कळणार का?" तिथून पुढे मला फार बोलावंच लागलं नाही. एकाने विचारलं, बाप ऊसतोडीला गुजरातेत आहे, सही कशी घेणार? दुसरा म्हणाला, सही झाली नाही तर त्या पोराला बाजूला बसवायचं का, आणि बसवलं तर सगळ्यांना कळणारच. हे सगळं लिहून विभागप्रमुखांना दिलं. त्यांनी वाचून ठेवून घेतलं, तारीख पुढे ढकलू म्हणाले, रद्द म्हणाले नाहीत. मेडिकल कॉलेजच्या कमिटीला अर्ज कुणाच्या नावाने करायचा?

वैनगंगा
सदस्य-सचिवांच्या नावाने, प्राचार्यांच्या सहीने. सोबत प्रोजेक्टचा आराखडा, मराठीतलं संमतीपत्रक, मुलांसाठी वेगळं होकारपत्रक आणि पॉझिटिव्ह निघालेल्यांना कुठे पाठवणार ते लेखी. गावी नसलेल्या पालकांचं काय, हे आराखड्यातच लिहा, पहिला प्रश्न तोच येईल. तुमच्या मुलांनी लिहिलेलं पत्रक इथे टाकाल का? आमच्याकडे गोंडीत वाचून दाखवायला उपयोगी पडेल.