हातात मावणाऱ्या लिनक्स संगणकावर जावा कंपाइल होण्यास लागणारा वेळ

पडवीकर (देवगड)

नमस्कार. आमच्या आंब्याच्या धंद्याचा हिशोब ठेवण्यासाठी मी जावामध्ये एक प्रोग्राम लिहिला आहे. कोणत्या दिवशी किती डझनांच्या किती पेट्या वाशीला गेल्या आणि दलालाकडून पट्टी किती आली, एवढेच त्याचे काम आहे. एकूण १४ फाइली आहेत, ओळी सुमारे २,०००. पावसाळ्यात इकडे वीज गेली की कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू, लहान पडदा आणि अंगठ्यांनी चालवायचा कीबोर्ड एकत्र जोडून पॉवर बँकेवर चालणारे यंत्र मी तयार केले आहे. लिहिण्याची अडचण नाही. महिरपी कंसासाठी दर वेळी दोन कळा दाबाव्या लागतात, त्याचीही सवय झाली. परंतु ग्रेडल या प्रोग्राम बांधून देणाऱ्या साधनाने कंपाइल करायला (लिहिलेल्या मजकुराचे चालवण्याजोग्या फाइलींत रूपांतर करायला) घेतले की सहा-सात मिनिटे जातात आणि तीनपैकी एकदा तरी मध्येच ‘किल्ड’ एवढाच शब्द उमटून सारे थांबते. प्रोसेसर चार कोअरचा, १ गिगाहर्ट्‌झचा असताना असे का व्हावे? यंत्रच बदलावे काय?

राजिवड्याहून (रत्नागिरी)

यंत्र बदलण्याआधी दुसऱ्या टर्मिनलमध्ये ‘व्हीएमस्टॅट’ ही मेमरीचा वापर दाखवणारी आज्ञा दर सेकंदाला चालू ठेवून कंपाइल करावे आणि ‘एसआय’ व ‘एसओ’ (स्वॅपमधून आत आलेला व तिकडे गेलेला मजकूर) हे दोन रकाने पाहावेत. स्वॅप म्हणजे रॅम अपुरी पडल्यावर वापरली जाणारी जागा. तिथे शून्याऐवजी सतत मोठे आकडे दिसत असतील, तर प्रोसेसर काम करत नसून मेमरी कार्डावरच्या स्वॅपची वाट पाहत बसला आहे, असे समजावे. आपल्या यंत्रात सगळी मिळून ५१२ एमबी रॅम आहे, आणि ग्रेडलचा डीमन (पडद्यामागे चालत राहणारी प्रक्रिया) एकटाच, काही न सांगता, ५१२ एमबीपर्यंत हीप (जावाच्या कामाची मेमरी) घेऊ शकतो. शिवाय काम संपल्यावरही तो तीन तास मागे ठाण मांडून राहतो. ‘किल्ड’ ही जावाची तक्रार नव्हे. मेमरी संपली की लिनक्सचा कर्नल एखादी प्रक्रिया स्वतःच बंद पाडतो, त्याची ती खूण आहे.

बाहेरच्या लायब्रऱ्या नसतील तर १४ फाइलींना ग्रेडल लागतच नाही. सर्व फाइलींची नावे एका मजकूर-फाइलीत लिहून, तिच्या नावाआधी ‘@’ लावून ती थेट जावासीला (जावाच्या स्वतःच्या कंपायलरला) द्यावी. फाइली एकेक करून मात्र देऊ नयेत, कारण जावासी स्वतःच जावात लिहिलेला असल्याने प्रत्येक वेळी जावा चालवणारे नवे व्हर्च्युअल मशीन उभे राहते आणि ते तापायच्या, म्हणजे पुरता वेग घ्यायच्या, आत काम संपते.

जुना झॉरसवाला (मालवण)

शार्पच्या झॉरस एसएल-५५०० या जुन्या, हातात मावणाऱ्या लिनक्स यंत्रावर २०६ मेगाहर्ट्‌झ आणि ६४ एमबी रॅममध्ये दिवस काढलेल्या माणसाला आपले यंत्र श्रीमंतच वाटते! त्या काळी आयबीएमचा जाइक्स कंपायलर आमच्या कामाला येई. तो सी++ मध्ये लिहिलेला असल्याने व्हर्च्युअल मशीन उभे करण्याचा खर्चच नव्हता. जावा भाषा पुढे गेली आणि जाइक्स मागे राहिला, त्यामुळे आज तो सुचवत नाही. एक्लिप्स या जावा-संपादकाचा ईसीजे कंपायलर मात्र पाहण्यासारखा आहे: एकच जार फाइल, एक्लिप्स उघडण्याची गरज नाही, आणि एखाद्या पद्धतीत (मेथडमध्ये) चूक असली तरी उरलेला वर्ग (क्लास) कंपाइल करून देण्याची सोय.

एक सावधगिरी सांगतो. कोणाकडे जुना, एका कोअरचा पाय झीरो असेल, तर त्याचा प्रोसेसर एआरएमव्ही६ आहे. त्यावर पायच्या रास्पबियन प्रणालीच्या भांडारातला ओपनजेडीके (जावाचा मुक्त संच) ११ सुरूच होत नाही, ८ चालतो. माझी एक अख्खी रात्र त्यात गेली.

बंदरकाठ (वेंगुर्ले)

जावासीला सिरियल गार्बेज कलेक्टर (न लागणारी मेमरी मोकळी करणारा साधा प्रकार) वापरायला सांगावे आणि स्वॅप कार्डावरून काढून झेडरॅमवर न्यावे. झेडरॅम रॅममधलाच मजकूर दाबून रॅममध्येच ठेवतो. तो कार्डापेक्षा कितीतरी वेगवान असतो आणि कार्डही झिजत नाही.

राजिवड्याहून (रत्नागिरी)

झेडरॅमबद्दल सहमत आहे. सिरियल कलेक्टर वेगळा सांगण्याची मात्र आवश्यकता नाही. मेमरी २ जीबीहून इतकी कमी असली की व्हर्च्युअल मशीन आपणहून तोच निवडते. हीपची कमाल मर्यादाही ते एकूण रॅमच्या चौथ्या हिश्श्याएवढी धरते, जी १४ फाइलींना पुरावी. त्यापेक्षा जेआयटी (चालता चालता कोड वेगवान करणारा व्हर्च्युअल मशीनचा भाग) पहिल्या पातळीवरच थांबवणारा पर्याय द्यावा: काही सेकंदांत संपणाऱ्या कामासाठी सखोल ऑप्टिमायझेशनचा खटाटोप कशाला?

पडवीकर (देवगड)

सर्वांचे आभार. ग्रेडल चालू असताना ‘एसओ’चा रकाना चार आकडी होता आणि प्रोसेसरचा बहुतेक वेळ ‘डब्ल्यूए’खाली, म्हणजे वाट पाहण्यातच, जात होता. मागे एक ब्राउझरही उघडा राहिला होता, ही चूक माझी. डीमन थांबवून, झेडरॅम लावून, सर्व फाइली एकाच आज्ञेत जावासीला दिल्यावर पहिल्या खेपेला २६ सेकंद लागले. जेआयटीचा पर्याय दिल्यावर १९. ‘किल्ड’ पुन्हा दिसलेले नाही. ईसीजे अजून लावून पाहिलेला नाही. ग्रेडलची फाइल प्रकल्पात तशीच ठेवली आहे, कारण पुण्यात भावाच्या लॅपटॉपवर तीच चालते, आणि तिथे तयार झालेल्या क्लास फाइली इथे आणून जशाच्या तशा चालवता येतात. मात्र त्याच्याकडची जावा आवृत्ती नवी असल्याने त्याला ‘रिलीज’ पर्यायात माझ्याकडची आवृत्ती लिहावी लागते.