विषय: तक्ता क्र. १ – ‘पहिला कृष्णवर्णीय सुपरहिरो’ कोण लिहायचा?

नमस्कार मंडळी,
फेब्रुवारीच्या कॉमिक्स प्रदर्शनाच्या पहिल्या तक्त्यावर ‘पहिला कृष्णवर्णीय सुपरहिरो : ल्यूक केज, १९७२’ असं घातलंय. छपाईला देण्याआधी कुणी नजर टाकाल का?
– प्रदर्शन समिती

---

ताई, तसं छापू नका. स्वतःच्या नावाचं मासिक मिळालेला पहिला म्हणजे केज. त्याआधी जुलै १९६६च्या ‘फँटॅस्टिक फोर’ ५२मध्ये ब्लॅक पँथर आला, पण तो वाकांडा या काल्पनिक देशाचा राजा. अमेरिकन कृष्णवर्णीय हवा असेल तर फाल्कन : ‘कॅप्टन अमेरिका’ ११७, सप्टेंबर १९६९. तक्त्यावर तिन्ही नोंदी द्या, आणि कोण कशात पहिला ते प्रत्येकापुढे लिहा.

सुरुवात मात्र १९४७पासून करा, ही कळकळीची विनंती. फिलाडेल्फियाचे पत्रकार ऑरिन इव्हान्स यांनी ‘ऑल-निग्रो कॉमिक्स’ काढलं : ४८ पानं, १५ सेंट, लेखक-चित्रकार सगळे कृष्णवर्णीय. त्यातला लायन मॅन हा शास्त्रज्ञ नायक. दुसऱ्या अंकाची तयारी झाली होती, पण कागदवाल्यांनी इव्हान्सना कागदच विकला नाही. मासिक तिथेच संपलं. वाचक नव्हते म्हणून ते बंद पडलं, असा समज तक्त्यावरून होता कामा नये.
– ग्रंथालय समिती

---

वरच्या मेलला जोडून : रंगांसाठी एक वेगळा तक्ता हवाच.

तेव्हा वर्तमानपत्री कागदावर चार शाया चालत. काळी रेषांना; निळी, लाल, पिवळी यांच्या प्रत्येकी २५, ५० आणि १०० टक्के एवढ्याच छटा, फिक्या छटा बारीक ठिपक्यांनी साधलेल्या. कोरी जागा धरून ४ × ४ × ४ म्हणजे ६४ रंग. गोऱ्या कातडीला २५ टक्के पिवळा आणि २५ टक्के लाल पुरायचा. तपकिरीत निळाही घालावा लागे. तीन शाया एकावर एक चढल्या की खरबरीत कागदावर ठिपके फुटतात, छपाईची प्लेट केसभर सरकली तरी रंग मळतो आणि नाकडोळ्यांच्या रेषा त्यात बुडतात. जुन्या पानांवर कितीतरी कृष्णवर्णीय चेहरे राखाडी दिसतात ते पाहा. १९६३च्या ‘सार्जंट फ्युरी’च्या पहिल्या अंकात तर गेब जोन्स हा कृष्णवर्णीय सैनिक चक्क गोरा छापला गेला, प्लेट बनवणाऱ्याला मूळ रंग चुकीचा वाटला असावा, असं त्याचे लेखक स्टॅन ली सांगत.

म्हणून चित्रं पुनर्मुद्रित संग्रहांतून घेऊ नका, तिथे रंग बहुधा नव्याने भरलेले असतात. मूळ अंक ६०० डीपीआयला स्कॅन करा, स्कॅनरची ‘डीस्क्रीन’ ही ठिपके गाळणारी सोय बंद ठेवा. नाहीतर ठिपके पुसले जातात, आणि दाखवायचे तर तेच आहेत.

शेजारी १९९३चं माइलस्टोन, म्हणजे कृष्णवर्णीयांनी काढलेल्या कॉमिक्स कंपनीचं काम, लावा. ड्वेन मॅकडफी, डेनिस कॉवन, मायकेल डेव्हिस, डेरेक डिंगल हे चौघे संस्थापक. छपाई-वितरण डीसी या मोठ्या कॉमिक्स कंपनीकडे, पात्रांचे हक्क माइलस्टोनकडे. रंग हाताने रंगवलेले, त्यामुळे त्वचेच्या छटा माणसागणिक वेगळ्या. त्यांच्या ‘स्टॅटिक’ मासिकाचं एखादं गर्दीचं पान निवडा, फरक लांबूनही दिसेल.

आणि केजच्या पहिल्या अंकाखाली बिली ग्रॅहम यांचं नाव राहू देऊ नका. लेखन आर्ची गुडविन, पेन्सिलचं रेखाटन जॉर्ज टस्का, त्यावरची शाई ग्रॅहम यांची. त्या तिघांत कृष्णवर्णीय ते एकटेच.
– एक सभासद

---

ताई, वरच्या मेलच्या शेवटच्या परिच्छेदात ‘राहू देऊ नका’च्या जागी ‘राहून जाऊ देऊ नका’ असं वाचा. ग्रॅहम यांचं नाव हवंच आहे.
– तोच सभासद