‘ब्रिलियंट’ आपल्याकडून चोरला म्हणे!

खडूस मास्तर
काल सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तो मेसेज फिरला. ‘इंग्रजांचा ब्रिलियंट म्हणजे आपला वैडूर्य! शब्दसुद्धा चोरले!!’ खाली जोडलेल्या हातांची रांग. तिथे गप्प बसलो, कारण टाकणारे गृहस्थ टँकरचा हिशोब बघतात. म्हणून इथे ओकतोय.

इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंचमधून आला. फ्रेंचांनी चमकण्याचं क्रियापद इटालियन ‘ब्रिलारे’वरून उचललं. इथवर वाद नाही. पुढे ‘ब्रिलारे’ हे लॅटिन ‘बेरिलुस’ या रत्नावरून आलं असावं. असावं! काही जण ते भिरभिरण्याशी जोडतात. बेरिलुस मात्र ग्रीकांमार्फत आपल्या प्राकृत ‘वेरुलिय’वरूनच, म्हणजे वैडूर्य रत्नाच्या प्राकृत नावावरूनच गेलाय. म्हणजे टोकाची कडी पक्की, मधली लुळी. त्यातही मूळ प्राकृत, आणि त्यामागे बहुधा द्रविड शब्द.

उजेडाचं नातंच हवं तर ‘ब्राइट’ घ्या ना. तो आणि संस्कृत ‘भ्राज्’ एकाच आदिम धातूचे. ते बर्च झाड आणि आपलं भूर्जपत्र, तेही त्याच घरातले, पांढऱ्या चमकत्या सालीमुळे. पण ही चुलत भावंडं आहेत, बाप-लेक नाहीत. चुलतभावाने वाडा चोरला असं कुणी म्हणतं का? (म्हणतात. आमच्याकडे केस चालू आहे.)

शेंडी फुटो
मास्तर, आपलं म्हटलं की तुमच्या पोटात का दुखतं? पाणिनीने ‘विदूर’ या जागेच्या नावावरून वैदूर्य सिद्ध केलाय, सूत्र ४.३.८४. तेव्हा तुमचे इंग्रज कुठे होते? द्रविड-द्रविड करून फोडाफोडी नको.

खडूस मास्तर
सूत्र वाचलंत, भाष्य वाचा. पतंजलीच विचारतो, दगड निघतो वालवाय डोंगरात, विदूरला तर नुसते पैलू पडतात, मग नाव विदूरवरून कसं? शंका त्याला आली, फोडाफोडी मात्र मी करतो! आणि बेरिलची प्राचीन खाण तमिळनाडूत पडियूरला आहे. तिथल्या माणसाने दगडाला आधी आपल्या भाषेत हाक मारली असेल, यात कुणाचं नाक कापलं जातं?

वरणभात
मला उगम-बिगम माहीत नाही, या शब्दाने माझं बालपण खाल्लं एवढं माहीत आहे. दादा ‘ब्रिलियंट’, मी ‘तसा मेहनती’. पाहुणे आले की आई हे दोन शब्द पोह्यांबरोबर वाढायची. दादा दहावीला बोर्डात आला, आता घरी येत नाही. आईला दवाखान्यात मेहनती मुलगाच नेतो.

गुरुवारची साय
वैडूर्य म्हणजे लसण्याच ना? मग विचारते. सासूबाईंनी केतूसाठी मला लसण्याची अंगठी करून दिली, आमच्या गावच्या सराफाकडून. दोन वर्षांत खडा धुरकट झाला. आता तो म्हणतो, तुमच्या घामाचा दोष.

सुरतकर
ताई, घामाने लसण्या धुरकटत नाही. काच विकलीय तुम्हाला. आणि मास्तर, तुमचं बेरिल वेगळं, लसण्या वेगळा. बेरिल म्हणजे पाचूच्या घराण्यातलं. लसण्या क्रायसोबेरिल, त्यात सिलिका नाही. बेरिलियम हे मूलद्रव्य दोघांतही. ते वोक्लँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७९८ मध्ये ओळखलं, आणि त्याचे क्षार गोड लागतात म्हणून आधी त्याला गोड अर्थाचं नाव मिळालं होतं. चाखू नका, विष आहे.

आमच्या कारखान्यात ब्रिलियंट म्हणजे ५७ पैलू, टोक चपटं केलं तर ५८. त्याची मापं तोलकोव्स्कीने १९१९ मध्ये मांडली. मी अकरा वर्षं तेच घासतोय. मला कुणी ब्रिलियंट म्हटलं नाही.

शेंडी फुटो
अंगठ्यांचा बाजार दुसरीकडे मांडा. मुद्दा संस्कृतीचा चाललाय.

गुरुवारची साय
अठरा हजार माझे गेले, तुमच्या संस्कृतीचे नाही.

सुरतकर
ताई, खडा दिव्याखाली फिरवा. मांजराच्या डोळ्यासारखी रेघ सरकेल, पण त्यावर जाऊ नका, काचतंतूंच्या नकली खड्यातही ती सरकते. भिंग घेऊन बाजूने बघा. मधमाशांच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी दिसली की समजा, काच.

चष्मिष
मी श्टुटगार्टला असते. इथे चष्म्याला ‘ब्रिले’ म्हणतात, आणि तो शब्द बेरिलवरूनच आलाय, त्यात ‘असावं’ नाही. पूर्वी पारदर्शक खड्यांची भिंगं करत, त्यांना तेच नाव पडलं. इथल्या दुकानात पहिल्यांदा गेले तेव्हा बाई विचारत होती ‘ब्रिले?’ आणि मला वाटलं बिल मागतेय, मी कार्ड पुढे केलं. म्हणजे शेंडीभाऊ, तुमचा वेरुलिय रोज माझ्या नाकावर बसतो. ब्रिलियंटपेक्षा हा पुरावा दणकट आहे, तो घ्या.

शेंडी फुटो
घेतला. बघा मास्तर, सभ्य माणसं अशी बोलतात.

खडूस मास्तर
चष्मिष, मान्य. शेंडीभाऊ, तुम्हाला आणखी एक देतो, फुकट. आजीचा ‘बिलोरी आरसा’ आठवतो? बिलोर म्हणजे स्फटिक, फारसी-अरबीतून आला. तिकडे गेला होता तोच इथला वेरुलिय. इकडून गेला, दाढी वाढवून परत आला, आणि आपण त्याला परका समजून वापरतोय. तुमच्या मेसेजमध्ये हा का नाही? कारण मधे फारसी लागते.

शेंडी फुटो
बिलोरी बरा सापडला. पण टोमणा अनावश्यक. आणि ब्रिलियंटवरचा दावा मी सोडलेला नाही, ‘असावं’ म्हणजे ‘नसावं’ नव्हे.

खडूस मास्तर
हे वाक्य मात्र, काय म्हणतात ते, ब्रिलियंट.

वरणभात
तो शब्द नका हो वापरू.

गुरुवारची साय
जाळी आहे. पोळ्यासारखीच. उद्या सासूबाईंना घेऊनच दुकानात जाते.