पाचगणीत राहायचं ते फक्त हवेसाठी?

गंगापुरीकर: परवा इथे एकाने लिहिलं, 'पाचगणीला घर घ्यावं ते हवेसाठी. बाकी तिथे आहे काय? घोडे, स्ट्रॉबेरी आणि ट्रॅफिक. चार चांगली माणसं ऐकायची तर पुणंच गाठावं लागतं.' हे डोक्यातून जाईना. माझं लहानपण वाईतलं, अकरा वर्षं पाचगणीत शिकवतोय. इथून भिलार जवळच. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, लोकांनी राहत्या घरांतल्या खोल्या वाचकांना दिल्यात. पसरणीचा घाट उतरलं की वाई. १९१६ची प्राज्ञपाठशाळा, विश्वकोशाचं कार्यालय, उन्हाळ्यात वसंत व्याख्यानमाला. आणि कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा उत्सव! नदीकाठचे सात घाट, प्रत्येकाची पाळी ठरलेली. गेल्या वेळी पंगतीत आमटीची बादली घेऊन वाढत होतो, बोटांना वळ उठले होते. एका आजींनी मनगट धरून विचारलं, "कुणाचा रे तू?" पुण्यात तीस वर्षं राहून हा प्रश्न कुणी विचारेल का?

डेक्कनवासी: ते मीच लिहिलं होतं, आणि अजूनही तेच म्हणेन. वाई डोंगरावर नाही, पायथ्याला आहे. वाईची पुण्याई पाचगणीच्या खात्यावर कशाला टाकता? मी वर दोन पावसाळे काढलेत, भाड्याच्या बंगल्यात. आईची पेटी सोबत नेली होती. ऑगस्टमध्ये उघडली तर भात्यावर हिरवी बुरशी, तीन सूर मुके. ऐकायला कोणी नव्हतं ते वेगळंच. शनिवारी-रविवारी घाटात दोन-दोन तास अडकायचं, एरवी सात वाजता सामसूम.

महाबळेश्वरची सून: दादा, पेटीचं वाईट वाटलं. पण तुमच्या मालकाने भिंतीला गवताच्या झड्या बांधल्या नसणार. आमच्याकडे वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस. सासूबाई मे संपायच्या आत पश्चिमेची भिंत गवताच्या झड्यांनी झाकून घ्यायच्या. आत अंधार व्हायचा, पण भिंतीला ओल नाही. आता जो तो निळं प्लॅस्टिक ताणतो. वारा सुटला की रात्रभर फडफडतं आणि भिंत आतून घाम गाळते.

डेक्कनवासी: प्लॅस्टिक स्वस्त पडतं, ताई. शिवाय गवताला उंदीर लागतात.

महाबळेश्वरची सून: बावीस वर्षांत झडीत उंदीर बघितला नाही. दोन पावसाळ्यांत तुम्हाला दिसला?

गंगापुरीकर: विषय झड्यांचा नाही. एखाद्या गावात राहावंसं का वाटतं, हा आहे.

पसरणीकर: विषय झड्यांचाच आहे, सर. माझे वडील झड्या बांधायचे. गवत कापायचं, वाळवायचं, बांबूच्या कामट्यांत घट्ट आवळायचं. हातांना इतक्या चिरा पडायच्या की भाकरी मोडताना मिठाने चरचरायचं. दोन्ही भावांनी ते काम सोडलं, कारण मजुरीवर घासाघीस करणारे हेच बंगलेवाले. २००१पासून हा महाबळेश्वर-पाचगणीचा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर, बांधकामाला मर्यादा. ते बरोबरच आहे. पण जागा थोड्या आणि घेणारे पुण्या-मुंबईचे. पाचगणीत हॉटेलात काम करणाऱ्या माझ्या धाकट्या भावाला तिथे एक खोली परवडत नाही. रात्री अकराला धुक्यात मोटरसायकलने घाट उतरतो, आई जागी असते. तुम्ही दोघं संस्कृती आहे की नाही यावर भांडताय. ज्यांच्या हातात ती होती ते गावात राहिलेत का, हे कोणी विचारलं?

डेक्कनवासी: म्हणजे आता आम्ही गुन्हेगार? मी भाडं भरलं, कुणाची खोली हिसकावली नाही.

पसरणीकर: भाडं किती भरलंत ते सांगा, मग बोलू.

गंगापुरीकर: पसरणीकर, तुमचं बरोबर आहे. लिहिताना हे माझ्या मनात आलं नाही. मी शाळेच्या आवारात राहतो, भाड्याची झळ मला लागत नाही. तरी उत्सवाबद्दल लिहिलं त्यातला एक शब्द मागे घेणार नाही.

डेक्कनवासी: व्याख्यानमालेला मी कधी उतरलो नाही, एवढं कबूल करतो. घाटाचा कंटाळा यायचा. यंदा एक दिवस येईन. पण वाई डोंगरावर नाही, हे कायम.

महाबळेश्वरची सून: पसरणीकरदादा, तुमचे वडील अजून शिकवतील का? गवत मी जमवते, मजुरी ते म्हणतील ती. भिंत मोठी आहे, मे उजाडायच्या आत सुरू करावं लागेल.

पसरणीकर: रात्री विचारून सांगतो. हात चालत नाहीत त्यांचे, पण शेजारी बसून सांगतील.