गेटजवळच्या झाडावरचं बांडगूळ

सेक्रेटरी: गेटजवळच्या झाडाच्या काही फांद्या शेंड्याकडून वाळतायत. रविवारी माळी खत घालेल. हरकत असल्यास आजच सांगा.

मेधाताई: खताला हरकत नाही, पण जरा वर बघा. वाळलेल्या प्रत्येक फांदीवर बांडगूळ आहे. खताचा वाटा तेही उचलणार.

देशपांडे काका: अहो, पण त्याची पानं हिरवीगार आहेत. स्वतःचं अन्न स्वतः करतं ना ते?

मेधाताई: अन्न करतं काका, निदान बरंचसं. पण जमिनीत मूळच नाही. पाणी आणि क्षार सगळे झाडाचे. त्याचं शोषकमूळ सालीतून घुसून थेट लाकडातल्या जलवाहिन्यांना जोडलेलं असतं. पानांतून झाडापेक्षा जास्त बाष्प सोडायचं, की पाणी आपोआप तिकडे ओढलं जातं. टंचाईत झाड पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, मिटून घेतं, हे मात्र उघडीच ठेवतं.

रोहन, बी विंग: निर्लज्ज आहे 😀 अमरवेलीसारखंच का?

मेधाताई: नाही रे, अमरवेल तयार साखरच पळवते. हे मुख्यतः पाणी आणि त्यात विरघळलेलं पोटॅशियम, नत्र वगैरे घेतं.

देशपांडे काका: एवढं पाणी उडवून मिळतं काय त्याला?

मेधाताई: नत्र, असा एक तर्क आहे. शुल्झ, टर्नर आणि ग्लाट्झेल या शास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये मांडला. जलवाहिनीतल्या पाण्यात नत्र अगदी विरळ, म्हणून पुरेसं मिळवायला पाणी भरपूर ओढावं लागतं. पोटॅशियमची तऱ्हा वेगळी. झाड पान गाळण्याआधी त्यातलं बरंच काढून घेतं. बांडगुळाची रसवाहिनी, म्हणजे तयार अन्न वाहणारी नळी, सहसा झाडाशी जोडलेलीच नसते, त्यामुळे आत आलेलं झाडाकडे परतत नाही, पानांत साचत जातं.

रोहन, बी विंग: म्हणजे गळलेली पानं फुकटचं खत!

मेधाताई: अगदी. त्याखालची माती सकस होते. ऑस्ट्रेलियात डेव्हिड वॉटसन यांनी जंगलाच्या तुकड्यांतून बांडगुळं काढून पाहिली, तर पक्ष्यांच्या जातीच कमी झाल्या. म्हणून सरसकट काढू नका.

सेक्रेटरी: मग माळ्याला काय सांगू? पानं खुडायची?

मेधाताई: खुडून उपयोग नाही, आत राहिलेल्या शोषकमुळातून पुन्हा फुटतं. जोडापासून हातभर खाली, खोडाच्या बाजूला, फांदीच कापावी लागेल. वाळत्या फांद्यांवरची काढा, पलीकडच्या जाड फांदीवरचं लहान राहू दे. फुलटोचे पक्षी येतात तिथे.

देशपांडे काका: फुलटोचेच बिया पसरवतात, बरं का!

सेक्रेटरी: पलीकडचं ठेवतो. रविवारी आधी फांद्या, मग खत. शिडी कोणाकडे आहे?